नाव नोंदवा, मग आत या

संपादकांनी मला पाठवलं होतं ते लिबर्टी सिनेमाच्या इमारतीवर लिहायला. मरीन लाइन्स स्टेशनातून बॉम्बे हॉस्पिटलकडे चालत निघालं की हे थिएटर लागतं, आणि ते लिहिण्याजोगं आहेच. देश स्वतंत्र होत होता म्हणून थिएटर उभारणाऱ्या हबीब हुसेन यांनी नाव ठेवलं लिबर्टी. १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’नं पडदा उघडला. दक्षिण मुंबईतली बडी थिएटरं तेव्हा इंग्रजी चित्रपटांना वाहिलेली होती, हे मात्र हिंदीसाठी बांधलं गेलं. आत आर्ट डेकोची श्रीमंती, पडद्याच्या दोन्ही अंगांना गोठलेल्या कारंज्यांचं नक्षीकाम, सुमारे बाराशे खुर्च्या. ‘हम आपके हैं कौन’ इथं शंभराहून अधिक आठवडे चालला.

मी मात्र अडकले दारातल्या टेबलापाशी. ‘कशिश’ या क्वीअर चित्रपट महोत्सवाचे दिवस होते. टेबलामागे स्वयंसेवक, पुढे रांग. तिकीट कुणीच मागत नव्हतं. नाव सांगायचं, यादीत शोधायचं, गळ्यात अडकवायचं कार्ड घ्यायचं आणि मग आत जायचं. माझ्यापुढचा मुलगा ऑफिसातून थेट आलेला, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉपची बॅग. त्यानं कार्ड घेतलं, पण गळ्यात घातलं नाही. फीत बोटांभोवती गुंडाळून मुठीत धरली आणि दार ओलांडल्यावरच घातली. रात्री परतताना पाहिलं, पायऱ्या उतरण्याआधी बरेच जण कार्ड काढून बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकत होते. कारण बाहेर लोकल होती, आणि लोकलमध्ये बिल्डिंगमधलं कुणीही भेटू शकतं.

हे कार्ड कायद्यातून आलंय. आपल्याकडे चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, मग तो तीन तासांचा असो की सात मिनिटांचा. महोत्सवांना यातून सूट मिळते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या नवव्या कलमाखाली तो अधिकार केंद्र सरकारला आहे. त्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे चित्रपटांची यादी आणि प्रत्येकाचा गोषवारा पाठवायचा, आणि अट पाळायची ती अशी, की प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असले पाहिजेत. खिडकीवर तिकीट विकून येईल त्याला आत सोडता येत नाही. गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवालाही प्रतिनिधी नोंदणी असते, तिथं ती मिरवायची गोष्ट असते. इथं तीच अट अशा माणसांना लागू होते ज्यांची निम्मी हयात आपलं नाव कुठल्या यादीत येऊ नये याची काळजी वाहण्यात गेली. अट साधी आणि सगळ्यांना सारखी आहे, म्हणून तर ती मला इतकी टोचली.

नावाची भीती काय असते हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ते कवी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, पुढे विद्यापीठानं त्यांना निलंबित केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर काही दिवसांतच, एप्रिलमध्ये, ते घरात मृतावस्थेत सापडले. त्याच एप्रिलच्या २२ तारखेला मुंबईत पहिला ‘कशिश’ सुरू झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण त्या महिन्यात रांगेत उभं राहून स्वतःचं नाव सांगणाऱ्यांना काय धीर लागला असेल, हे मला तारखा शेजारी ठेवल्यावर कळलं.

महोत्सव उभा केला श्रीधर रंगायन यांनी. त्यांच्या ‘गुलाबी आईना’ला सेन्सॉर बोर्डानं प्रमाणपत्र नाकारलं होतं. प्रमाणपत्राविना चित्रपट घेऊन बसलेल्या दिग्दर्शकानं प्रमाणपत्राविना दाखवायची कायदेशीर वाट शोधली, मंत्रालयाच्या परवानगीनं. उगवत्या भारतीय दिग्दर्शकाला इथं जो पुरस्कार देतात तो रियाद वाडियांच्या नावाचा आहे. त्यांचा ‘बॉमगे’ हा लघुपट १९९६ चा, म्हणजे हे सगळं बोलायला कुणी धजत नव्हतं तेव्हाचा.

प्रमाणपत्र असलं म्हणजे निभावतं असंही नाही. दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या दीपा मेहतांच्या ‘फायर’कडे ते होतं. डिसेंबर १९९८ मध्ये शिवसैनिकांनी गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये घुसून खेळ बंद पाडला, दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलमध्ये तेच झालं. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि पुन्हा मंजूर झाला. थिएटरमालकाच्या लक्षात मात्र फुटलेल्या काचाच राहतात.

म्हणूनच मला लिबर्टीचं मोल वाटतं. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा पूर्ण ताकदीनं लागू केलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये दिलेला दिलासा गेला. अशा वेळी कुणीही आवरतं घेतलं असतं. ‘कशिश’ मे २०१४ मध्ये लिबर्टीत आला, बाराशे खुर्च्यांच्या, भर रस्त्यावरच्या थिएटरात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले, तोवर तिथं पाच महोत्सव होऊन गेले होते. हबीब यांचे पुत्र नझीर हुसेन यांच्या खासगी मालकीचं हे घराण्याचं थिएटर होतं. तिथं दार उघडायचं की नाही हे ठरवायला एका माणसाची हिंमत पुरते. नझीर हुसेन २०१९ मध्ये गेले.

आत बसल्यावर दारातलं टेबल विसरायला होतं. लघुपटांचा एक गुच्छ लागतो. तमिळ, बंगाली, मराठी, मध्येच ब्राझीलचा एखादा. पडद्यावरची आई मुलाच्या मित्राला म्हणते, ‘जेवून जा,’ आणि ऑफिसातून आलेली, साडीतली, रंगवलेल्या केसांची, दाढीवाली, अशी सगळी माणसं एकदम हसतात, मग एकदम गप्प होतात. घरी फोनवर कानात बोंडं घालून हाच चित्रपट बघता येतो. पण आपण ज्याला हसलो त्याला अनोळखी शेकडो माणसंही हसली, हे फोन सांगू शकत नाही. माझ्या शेजारी एक बाई मुलीबरोबर आल्या होत्या. मध्यंतरात मुलगी पाणी आणायला गेली तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘तिनं सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती एकटीच आहे.’ पुढं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

अडचणी मात्र आहेत आणि त्या वाढतायत. करोनात, २०२० आणि २०२१ मध्ये, महोत्सव ऑनलाइन गेला. २०२२ मध्ये तो लिबर्टीत परतला. पण लिबर्टीत आता रोजचे खेळ होत नाहीत. अशा एकपडदा थिएटरचं वीजबिल, वातानुकूलन, देखभाल कार्यक्रमांच्या भाड्यावर किती दिवस निघणार? महोत्सवाची भिस्त प्रायोजकांवर, आणि कंपन्यांचा उत्साह जगाचा वारा पाहून चढतो-उतरतो. २०२४ मध्ये काही खेळ अंधेरीच्या मल्टिप्लेक्समध्ये झाले. उपनगरातल्यांना ते सोयीचं आहे, हे मान्य.

यापेक्षा मोठी अडचण महोत्सव संपल्यावर सुरू होते. रोहन कानवडे यांचा ‘उ उषाचा’ हा लघुपट घ्या. शाळेतल्या बाईंच्या ओढीनं अक्षरं गिरवायला लागलेली शेतमजूर स्त्री त्यात आहे. तो क्वीअर महोत्सवांतून फिरला, पण त्यातल्या उषासारख्या बाईला तो कुठं दिसणार? तिच्या तालुक्यात नोंदणीचं टेबल नाही, आणि प्रमाणपत्राचा खर्च-खटाटोप करून लघुपट थिएटरात लावणारा वितरकही नाही. याच कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्सचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या सुतकात गावी आलेला आनंद आणि लहानपणचा मित्र बाळ्या यांची ही गोष्ट. त्या सप्टेंबरात चित्रपट आपल्याकडे रीतसर प्रदर्शित झाला, आणि कुणालाही नाव न सांगता, इतर कुठल्याही चित्रपटासारखं, खिडकीवर तिकीट काढून तो बघता आला. जिथं लागला तिथं.

थिएटरं मोजकी होती. नांदेड-परभणीकडच्या मुलानं तो बघायचा तर आधी घरी काहीतरी कारण सांगून शहराची गाडी पकडायची. जिल्ह्याच्या गावांत खासगी मालकीची एकपडदा थिएटरं अजून तग धरून आहेत, आणि सकाळच्या खेळाला तिथल्या खुर्च्या रिकाम्या असतात. तिथं प्रमाणपत्र असलेला असा एखादा चित्रपट आठवडाभर एका खेळाला लावणं कायद्यानं आजच शक्य आहे. कुणा मालकानं ते करून बघावं.