हवेतला हनिमून, जमिनीवरचा वजनकाटा

छोट्या विमानातल्या जोडप्यांचे रील आता सगळ्यांच्या मोबाइलवर असतात. कानाला हेडफोन, खाली हिरवी शेतं, मागे गाणं. त्यात वजनकाटा तेवढा दिसत नाही. एका धावपट्टीवर काही काळ त्या काट्याशेजारी वही घेऊन उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, सफरीची खरी कसोटी तिथंच लागते.

आमचं सेसना 172 विमान म्हणायला चार जणांचं. टाक्या भरल्या की तीन धडधाकट माणसं म्हणजे पुष्कळ झालं. येरमाळ्याकडचं एक नवं जोडपं आलं होतं. नवरीनं वजन सांगितलं पंचावन्न, काट्यानं दाखवलं त्रेसष्ट. नवरा शहाणा, तो विमानाचा पंखा न्याहाळू लागला. मग तो स्वतः चढला आणि काटा अठ्ठ्याण्णववर थांबला. विमानाचा तोल सांभाळायचा तर जड माणूस पुढं, वैमानिकाशेजारी. नवरी मागं एकटी. जाहिरातीत दोघं हातात हात घालून बसलेले होते, पण जाहिरातीतल्या विमानाला उडायचं नसतं. वर गेल्यावर नवऱ्यानं वैमानिकाला विचारलं, “ॲव्हरेज किती देतं हो?” तासाला तीसेक लिटर, वेग दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लिटरला सहा-सात. त्यावरून गप्पा रंगल्या त्या थेट ट्रॅक्टरच्या हप्त्यापर्यंत. हेडफोनमुळं नवरीला सगळं ऐकू येत होतं. उतरल्यावर कशी झाली सफर म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, “ह्यांचं दोघांचं छान जमलं.”

याच नवऱ्यानं आधी आग्रह धरला होता, “आमच्या गावावरून न्या की, आई माळवदावर थांबलीय.” विमान म्हणजे जीप नव्हे, की वाटेत वळवली. मार्ग आधी कळवावा लागतो, हवाई संरक्षणाचा एडीसी आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी असे दोन नंबर मिळाल्याशिवाय चाक हलत नाही. नंबर मिळाले. धुळे-सोलापूर महामार्ग धरून गेलं, की येरमाळ्याच्या येडेश्वरीची टेकडी आणि वरचं मंदिर चुकत नाही. चैत्री पौर्णिमेनंतर चुना वेचायला लाखो माणसं जमतात ती आमराईही त्याला दिसली. घर मात्र दिसलं नाही. नियमानं वस्तीच्या हजार फूट वरून जावं लागतं. तरी संध्याकाळी आईचा फोन आला: दिसलं बरं का विमान, आम्ही सगळ्यांनी हात केले. वेळ जुळेना म्हणून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की ते शेजारच्या रानातलं फवारणीचं ड्रोन होतं.

नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याची मागणी तर दर मोसमात यायची. नावच असं, की जोडप्यांना राहवत नाही. किल्ल्यातला पाणीमहाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा, 1613 साल अशी माहिती आम्हीही तोंडपाठ सांगायचो. अडचण एवढीच, की बोरी नदीला पाणी आलं तरच धबधबा कोसळतो, आणि तेव्हा ढग इतके खाली, की डोळ्यांनी बघून उडणाऱ्या या विमानाला परवानगी नसते. आभाळ मोकळं होईपर्यंत नर-मादी दोघंही आटलेले. पॅकेजच्या पत्रकावर मात्र धबधबा बारमाही.

आता इंधन. हे विमान ॲव्हगॅसवर चालतं, ते कुठल्या पंपावर मिळत नाही. पूर्वी ते परदेशातून यायचं. इंडियन ऑइलनं देशी ॲव्हगॅस आणलं ते सप्टेंबर 2022 मध्ये. त्याआधी एकदा लख्ख ऊन, वैमानिक तयार, जोडपं नटून हजर आणि पिंप कोरडं. पाहुण्यांना सांगायला कारण ठरलेलंच होतं: हवामान.

मोठ्या विमानांचीही तीच गत, आभाळ मोकळं आणि उड्डाण अडलेलं. विमानांच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून सोलापुरात किती वर्षं रण माजलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 15 जून 2023 ला ती पाडली, आणि गोव्याचं विमान उडालं जून 2025 मध्ये. येरमाळ्याहून सोलापूर गाठून गोव्याला निघालेला एक मित्र बायकोशेजारी बसून खिडकीतून एकटक खाली बघत होता. तिला वाटलं, भावुक झाला. तो चिमणीची जागा शोधत होता.

दुपारच्या सफरींबद्दल वैमानिक कुजबुजत बोलायचे. काळ्या रानाची ढेकळं तापली, की हवेचे लोट वर येतात आणि विमान खड्ड्यातल्या एसटीसारखं हादरतं. म्हणून सकाळी लवकर या म्हणायचं. जोडपी नाश्ता उरकून अकराला. प्रत्येक सीटजवळ उलटीची कागदी पिशवी असायची. एका बाईंनी ती उतरतानाही घट्ट धरलेली बघून आम्ही सगळे दोन पावलं मागं सरलो. त्यांनी ती हसतहसत वैमानिकाच्या हातात दिली. आत कुंथलगिरीचे पेढे होते. डबा फुटला म्हणून त्यात भरलेले. वैमानिकानं उपवास असल्याचं सांगितलं. मेकॅनिकनं पिशवीकडं न बघता सगळे संपवले.