खोलीची अनामत आणि पोटभाडेकरू

दहावीचा निकाल लागून प्रवेशाचे दिवस आले की, लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडच्या बसथांब्यावर दरवर्षी एकच दृश्य दिसते. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि पुस्तकांची पिशवी सांभाळीत एखादा मुलगा उभा असतो आणि त्याच्याजवळ, खिशातील पैसे पुन्हा एकदा चाचपून पाहणारे त्याचे वडील. लातूरला महाविद्यालयात प्रवेश झालेला असतो, शिकवणीचे शुल्क भरलेले असते. आता राहिलेली असते ती खोली. सोयाबीनच्या विक्रीतून उरलेले किंवा सोने तारण ठेवून उभे केलेले पैसे त्या दिवशी खोलीची अनामत म्हणून दिले जातात. पुस्तकांच्या खर्चाचा हिशेब घरी होतो, शुल्काची पावती मिळते. अनामतीची मात्र बहुधा ना पावती असते, ना नोंद.

लातूरच्या शैक्षणिक लौकिकामुळे गेल्या तीन-साडेतीन दशकांत मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून मुले तेथे येऊ लागली. वसतिगृहे अपुरी पडली आणि राहत्या घरातील पुढची खोली, माडी किंवा गच्चीवरील पत्र्याची खोली विद्यार्थ्यांना देणे हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा झाला. मुरुडसारख्या शाळा, बँका व बाजारपेठ असलेल्या मोठ्या गावातही बदलीवर येणारे शिक्षक व कारकून याच मार्गाने खोली करून राहतात. यात गैर काहीच नाही. गुंता सुरू होतो तो, खोली देणारा गृहस्थ त्या घराचा मालकच नसतो तेव्हा.

एक कुटुंब तीन खोल्यांचे घर भाड्याने घेते. मूळ मालक पुण्याला किंवा मुंबईला असतो. भाड्याचा भार हलका व्हावा म्हणून हे कुटुंब एक खोली दोन विद्यार्थ्यांना देते, त्यांच्याकडून महिन्याचे भाडे आणि वर अनामत घेते. मुले त्या गृहस्थांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणू लागतात. सणाला ताट येते, आजारपणात काढा मिळतो. काकांचे आणि मूळ मालकाचे नाते काय, घर पुन्हा भाड्याने देण्याची त्यांना मुभा आहे काय, हे विचारणे मुलाच्या वडिलांना अप्रशस्त वाटते. ज्याच्या घरी मूल ठेवावयाचे, त्याच्याकडे कागद कसा मागावा, असा हा संकोच असतो.

या संकोचाची किंमत दोन वर्षांनी कळते. परीक्षा संपते, खोली रिकामी होते आणि अनामत मागितली की उत्तरे ठरलेली असतात. जूनमध्ये नवी मुले आली की देऊ. भिंतींना रंग द्यावा लागेल, तो खर्च वजा होईल. उन्हाळ्यात टँकर मागविला, त्याचा वाटा कोणी द्यावयाचा? ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे टँकरचा खर्च खोटा आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तो खर्च अनामतीतून कापला जाईल, हे खोली देताना सांगितलेले नसते. ते खोली सोडताना सांगितले जाते. मुलगा गावी परततो, दोन-तीन वेळा फोन करतो, एकदा वडिलांना घेऊन येतो, चहा पिऊन परत जातो. पुढे तो विषयच बंद पडतो.

या सर्व प्रकाराच्या मुळाशी एक साधा गैरसमज आहे. अनामत हे भाडे नव्हे, देणगी नव्हे आणि घरमालकाचे उत्पन्नही नव्हे. ती देणाऱ्याचीच रक्कम आहे. थकबाकी किंवा मोडतोड झाल्यास तीतून भरपाई व्हावी एवढ्यासाठीच ती दुसऱ्याच्या हाती दिलेली असते. प्रत्यक्षात मात्र ती हाती येताच खर्ची पडते. काकांनाही मूळ मालकाला अनामत द्यावयाची असते, घरातील आजारपण असते, मुलीचे लग्न असते. मग जुन्या मुलाची रक्कम नव्या मुलाच्या रकमेतून भागविण्याची रीत पडते. ही साखळी नवी मुले येत राहतात तोपर्यंतच चालते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, वर्ग बंद झाले, मुले गावी परतली आणि नवी येईनाशी झाली, तेव्हा या व्यवस्थेचा पाया किती पोकळ आहे हे उघड झाले. परत द्यावयाची रक्कम जपून ठेवण्याऐवजी ती पुढच्या माणसाकडून मिळेल या आशेवर चालणारा व्यवहार हा विश्वासाचा व्यवहार नव्हे.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने घरभाड्याच्या बाबतीत येथे १९५४ चा हैदराबादचा घरभाडे नियंत्रण कायदा चालत असे. मुंबईचा १९४७ चा कायदा येथे नव्हता. हे वेगवेगळे कायदे रद्द करून संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ करण्यात आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या कायद्यातील घरमालकाची व्याख्या पोटभाडेकरूच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जो भाडेकरू आपली जागा दुसऱ्यास पोटभाड्याने देतो, तो त्या पोटभाडेकरूपुरता घरमालकच होय, असे ती सांगते. म्हणजे भाडे घेताना मालक आणि अनामत परत करताना ‘मी तर स्वतःच भाडेकरू’ असा दुटप्पी पवित्रा काकांना घेता येत नाही. रक्कम ज्याने घेतली, परतफेडीची जबाबदारी त्याचीच. ज्या मूळ मालकाने ती घेतली नाही आणि ज्याच्याशी करार झाला नाही, त्याच्या दारी जाऊन सहसा उपयोग होत नाही.

याच कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. असा नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कागद नाही म्हणून आपला हक्क बुडाला असे समजणाऱ्या सामान्य माणसाला ही तरतूद ठाऊकच नसते. घेतलेल्या रकमेची पावती देणे हेही कायद्याने घरमालकावर बंधनकारक केले आहे.

तथापि दोन मर्यादा ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. प्रत्येक गावाला नव्हे. दुसरी मर्यादा राहत्या घरातील खोलीशीच निगडित आहे. देणारा स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा भाग कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला परवानगीने वापरावयास दिला, तर ती व्यक्ती कायद्याच्या भाषेत ‘पेइंग गेस्ट’ ठरते आणि लायसन्सधारकाच्या व्याख्येतून तिला वगळण्यात आले आहे. म्हणजे काका-काकूंच्या घरात राहणारा मुलगा नेमका भाडेकरू की पाहुणा, यावरच वाद घालता येतो. पण वाद काहीही असो, करार कायदा, १८७२ सर्वत्र लागू आहे. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारभंग झाला तरी वाजवी भरपाईच मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले: नुकसान झाले असेल तरच भरपाई, आणि नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असेल तर ते सिद्ध केले पाहिजे. ते प्रकरण भूखंडाच्या लिलावाचे होते. परंतु तत्त्व खोलीच्या अनामतीलाही तितकेच समजावून घेण्यासारखे आहे. भिंतीचा रंग दोन वर्षांच्या सर्वसाधारण वापराने उडाला, एवढ्यावरून सबंध अनामत जप्त करता येत नाही.

पोटभाड्याचा आणखी एक धोका आहे. कायदा लागू असलेल्या क्षेत्रात मूळ मालकाच्या संमतीवाचून जागा पोटभाड्याने देणे हे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे कारण ठरते. तसे झाले तर काकांबरोबर मुलांचेही बिऱ्हाड रस्त्यावर येते, आणि तेही कदाचित परीक्षेच्या तोंडावर. संमती नव्हती हा दोष खोली देणाऱ्याचा; त्या दोषाची सबब सांगून त्यानेच मुलांची रक्कम ठेवून घ्यावी, हे कोणत्याही न्यायबुद्धीस पटणारे नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खोली देणारे सारेच लबाड नसतात. अनेक घरांत एखाद्या विधवेचा किंवा निवृत्त कारकुनाचा संसार या खोलीवर चालतो. मुले विजेचे बिल थकवितात, नळ मोडतात, पूर्वसूचना न देता एका रात्रीत खोली सोडतात, अशा तक्रारीही खऱ्या असतात. शेवटचे दोन महिने भाडे न देता अनामत वळती करून घेण्याची पळवाटही सर्रास काढली जाते. ज्याची अनामत बुडेल अशी भीती आहे त्याला ती शहाणपणाची वाटते; पण त्यामुळे खरोखर मोडतोड झाली तर मालकाच्या हाती काही उरत नाही. दोन्ही बाजूंच्या या अविश्वासाचे कारण एकच: पहिल्या दिवशी काहीच लिहिले गेले नाही.

रक्कम मिळत नसेल तर काय करावे? प्रथम, किती रक्कम कधी दिली आणि खोली कधी सोडली हे नमूद करून, ठरावीक मुदतीत ती परत मागणारे पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावे. पैसे बँकेमार्फत किंवा फोनवरून दिले असतील तर ती नोंद हा उत्तम पुरावा होय. पोलिसांकडे धाव घेण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु देणे थकविणे आणि आरंभापासून फसविण्याचा हेतू असणे यांत फरक आहे व पहिला प्रकार दिवाणी स्वरूपाचा आहे. अशा दाव्यास साधारणतः तीन वर्षांची मुदत असते, म्हणून ‘पुढच्या जूनमध्ये बघू’ असे म्हणत राहणे हिताचे नाही. रक्कम लहान, वकिलाचा खर्च मोठा, हे खरेच. त्यासाठीच विधी सेवा प्राधिकरणाची वाट उपलब्ध आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार दावा दाखल होण्यापूर्वीही वाद लोकअदालतीपुढे नेता येतो. तेथे न्यायालयीन शुल्क नाही आणि उभयपक्षी झालेल्या तडजोडीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत कायदेशीर साहाय्यही मिळते.

अन्य देशांनी या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने शोधले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९७७ च्या कायद्याने भाडेकरूची अनामत सरकारी मंडळाकडे ठेवण्याची पद्धत सुरू झाली. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून घरमालकाला ती मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. परंतु मालकाच्याच घरात राहणाऱ्या भाडेकरूला इंग्लंडमध्येही हे संरक्षण नाही. एका छपराखालील व्यवहार हा कायद्याच्या हातून सर्वत्रच निसटतो असे दिसते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवावी आणि जागा परत देतानाच ती परत करावी, असे सुचविले आहे. मात्र तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याखेरीज त्याचा आधार घेता येत नाही.

तोपर्यंत जे करता येईल ते अवघड नाही. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी एका पानाचा मराठी नमुना विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. खोली देणारा मालक की भाडेकरू, भाडेकरू असल्यास मूळ मालकाची संमती आहे काय, अनामत किती, तीतून काय कापले जाईल, खोली सोडल्यावर किती दिवसांत ती परत मिळेल, एवढेच त्यात असावे. खाली दोघांच्या सह्या व तारीख असावी. जेथे कायदा नोंदणी मागतो तेथे नोंदणीही करावी लागेल. पण हा कागद तरी प्रत्येक घरात व्हावा. शिक्षकांनी हे वर्गात सांगावे, बदलीवर जाणाऱ्या कारकुनाने स्वतःपासून सुरुवात करावी.

कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या घरात मुलाने दोन वर्षे काकूंच्या हातचे जेवले, त्या घराशी अनामतीवरून कायमचे वितुष्ट यावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. दोन सह्यांचा एक कागद तो संबंध राखू शकतो. मुरुडच्या थांब्यावर पैसे चाचपणाऱ्या बापाने पुढच्या जूनमध्ये पैशांबरोबर तो कागदही खिशात ठेवला, तर त्याची ती रक्कम दोन वर्षांनी धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्या हाती परत येईल.