चौघांची एक गाडी
(चाकांचं गाव : लेखांक ७)

बॉबलिंगेनमधल्या एका इमारतीच्या तळघरातलं पार्किंग. रविवारची सकाळ. जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दारात येऊन उभा राहतो, म्हणून इंजिन बंद. चार धडधाकट माणसं डोक्यात हेल्मेट घालून एका उभ्या गाडीत शिरतात, बाहेर येतात, पुन्हा शिरतात. वरच्या मजल्यावरच्या आजी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आल्या, जरा थबकल्या, ‘मॉर्गन’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. पहिला प्रयत्न : दोन मिनिटं दहा सेकंद.

चालला होता तो ड्रायव्हर बदलण्याचा सराव. ऐकायला फुटकळ वाटतं. आपण घाटात गाडी थांबवतो, मेहुण्याच्या हातात किल्ली देतो, संपलं. पण रेसच्या गाडीचं दार उघडलं की आधी पोलादी नळ्यांचा पिंजरा आडवा येतो. त्याच्या पलीकडे खोल बादलीसारखी सीट. अंगावर सहा पट्टे : दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून. हेल्मेटला रेडिओची वायर आणि पाण्याची नळी. उतरणाऱ्याने हे सगळं सोडवून बाहेर यायचं, आणि मग लगेच पळून न जाता खिडकीतून आत वाकून चढणाऱ्याचे पट्टे आवळायचे. या चौघांत एक जण सव्वासहा फुटी, तर आपला निगडीचा गडी साडेपाच. त्यामुळे निगडीकर बसताना स्वतःच्या पाठीच्या मापाचा फोमचा साचा बगलेत घेऊन येतो आणि उतरताना घेऊन जातो. तो सीटमध्ये विसरला, तर पुढच्या उंच माणसाचे गुडघे थेट स्टिअरिंगला.

खो-खो खेळलेल्यांना हे चटकन कळेल. पाठलाग करणारा कितीही चपळ असला तरी खो चुकला की फाउल. इथे खो एका मिनिटाच्या आत द्यायचा आणि पट्ट्याला पीळ पडू द्यायचा नाही.

मागच्या लेखांकात आपण सोलिट्यूडच्या रस्त्यावर फिरलो होतो. १९६५ साली तिथली शेवटची शर्यत झाली आणि आता त्या वळणांवरून लोक कामाला जातात. बॉबलिंगेनच्या या चौकडीला लांब पल्ल्याची शर्यत खेळायची तर सुमारे ३०० किलोमीटर दूर आयफेलच्या डोंगरात जावं लागतं, न्यूरबुर्गरिंगला. १९२७ साली सुरू झालेल्या या ट्रॅकचा जंगलातला जुना भाग म्हणजे नॉर्डश्लाइफ : २०.८३२ किलोमीटर, अधिकृत मोजणीने ७३ वळणं, आणि चढ-उताराचा फरक ३०० मीटरच्या आसपास. तिथे १९७७ पासून हौशी संघांची लांब पल्ल्याची मालिका चालते. आधी तिचं नाव व्हीएलएन होतं, आता एनएलएस. बहुतेक शर्यती चार तासांच्या असतात. आणि वर्षातून एकदा या साऱ्यांचा मेळा : चोवीस तासांची शर्यत. पहिली झाली १९७० साली. हान्स-योआखिम श्टुक आणि क्लेमेन्स शिकेन्टान्त्स यांनी बीएमडब्ल्यू २००२ टीआयमध्ये ती जिंकली. आज जुना-नवा ट्रॅक जोडून तिची फेरी २५.३७८ किलोमीटरची होते. म्हणजे पुण्याहून निघावं, लोणी काळभोर मागे टाकून आणखी पुढे जावं, एवढी एकच फेरी.

या शर्यतीची खरी गंमत अशी की कारखान्यांचे पगारी ड्रायव्हर आणि हप्ते काढून जुनी गाडी उभी करणारे हौशी एकाच वेळी एकाच रस्त्यावर असतात. शंभराहून जास्त गाड्या, वेगवेगळ्या वर्गांत. वर जीटी३ वर्गातल्या पोर्शे, बीएमडब्ल्यू, फेरारी. खाली जवळपास रस्त्यावरच्याच गाड्या. इथे डासिया लोगान उतरलेली आहे. हो, तीच, जी आपल्याकडे महिंद्र-रेनॉ लोगान म्हणून टॅक्सीला धावली. एरियलला कोल्ह्याची शेपटी बांधलेली जुनी ओपेल मांटा तर वर्षानुवर्षं प्रेक्षकांची लाडकी. २०२३ साली फेरारीतून जिंकलेल्या संघाचं नाव फ्रिकाडेली. फ्रिकाडेले म्हणजे जर्मन खिम्याची टिक्की. संघाचे मालक त्याच धंद्यातले, त्यांनी नावही तेच ठेवलं. १६२ फेऱ्या मारून या टिक्कीवाल्यांनी अंतराचा विक्रम केला.

अर्थात वाटेल त्याने उठून यावं असं नाही. साध्या रेसिंग लायसन्सवर नॉर्डश्लाइफवर उतरता येत नाही, त्यासाठी वेगळं परमिट लागतं. आधी कमी ताकदीच्या गाड्यांचं, मग अनुभवावर मोठ्यांचं. आमच्या निगडीकराने कॉलेजात बाहा खेळली होती. इंदूरजवळ पिथमपूरला होणाऱ्या त्या स्पर्धेत विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली, सगळ्यांना एकसारखं छोटं इंजिन असलेली गाडी चार तास धुळीत हाणायची असते. त्याला वाटलं, चार तास तिथेही, चार तास इथेही. पहिल्या सरावात नॉर्डश्लाइफची एक फेरी मारून तो परत आला तेव्हा पाण्याची आख्खी बाटली रिकामी करून एवढंच म्हणाला, “आजोबा म्हणायचे तसं आहे हे. ताम्हिणी घाट, पण रात्री, आणि मागून एसटी.”

आता हिशोब मांडू, कारण हौशी संघ जिंकतो किंवा हरतो तो हिशोबात. समजा, तुमची लहान गाडी चोवीस तासांत १२० फेऱ्या मारणार आहे. तुमच्यातल्या सर्वांत वेगवान माणसाने जिवावर उदार होऊन प्रत्येक फेरीत दोन सेकंद वाचवले, आणि तेही चोवीस तास एकट्याने, तरी एकूण कमाई चार मिनिटं. त्याच गाडीचे बारा थांबे झाले आणि प्रत्येक थांब्यावर गोंधळामुळे अर्धं मिनिट गेलं, तर सहा मिनिटं पाण्यात. आणि दोन सेकंदांच्या नादात एकदा रेलिंगला चाक घासलं की चाळीस मिनिटं गाडी जॅकवर. नॉर्डश्लाइफवर रेलिंग रस्त्याच्या काठालाच असतं. चूक पोटात घालणारं मोकळं रान फारसं नाही.

म्हणून अशा संघात सर्वांत वेगवान ड्रायव्हर हा सर्वांत मौल्यवान माणूस नसतो. माझं हे मत चौकडीतल्या सव्वासहा फुटीला आवडत नाही. पण संघात हवा असतो तो दहाव्या फेरीलाही पहिल्या फेरीइतकाच वेळ देणारा. चौघांच्या वेळांत फरक कमी, गाडीवर ओरखडा नाही, टायर एकसारखे झिजलेले : हे जमलं की अर्धी शर्यत मारली.

उरलेली अर्धी वहीत असते. दोन मोसमांपूर्वी चार तासांच्या एका शर्यतीत ती वही माझ्याकडे होती. काम सोपं : गाडी समोरून गेली की एक रेघ, चार रेघांवर आडवी पाचवी, आणि पेट्रोल संपायच्या आधी रेडिओवरून बोलावणं. सुरुवातीला शर्यत सुटण्याआधी सगळ्या गाड्या रांगेत हळू फिरतात, ती फेरी मी धरलीच नाही. शर्यत कुठे सुरू झाली होती? पण गाडीने पेट्रोल खाल्लंच होतं. शेवटच्या लांबलचक सरळ रस्त्यावर, डोटिंगर ह्योहेवर, इंजिन खोकायला लागलं. गाडी कशीबशी पिटमध्ये आली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. कप्तानाने माझ्या हातातून वही घेतली, लाल पेनाने पहिल्या रेघेच्या आधी एक रेघ मारली आणि वही परत दिली. ती लाल रेघ अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पेट्रोलचं निघालंय तर न्यूरबुर्गरिंगची एक खासियत सांगतो. फॉर्म्युला वनच्या टीव्हीवर दिसतो तसा प्रत्येक संघाचा स्वतंत्र संसार इथे नसतो. एका गॅरेजात तीन-चार, कधी त्याहून जास्त गाड्या दाटीवाटीने. पेट्रोल पिटमध्ये बसवलेल्या सामायिक पंपांवरच भरायचं. शेजारी एक जण अग्निशामक धरून उभा. शेजारच्या संघाला तुमचा जॅक लागतो, तुम्हाला त्यांचा पाना. चाळीतल्या नळासारखा कारभार. २०२५ च्या चोवीस तासांत शनिवारी संध्याकाळी उन्हाच्या तडाख्यात पिटमधली वीज गेली. वीज नाही म्हणजे पंप नाहीत, पंप नाहीत म्हणजे कोट्यवधींच्या गाड्याही कोरड्या. लाल झेंडा दाखवून शर्यत दोन तासांहून जास्त थांबवावी लागली. लोडशेडिंग काय असतं हे त्या दिवशी जर्मनांना कळलं, असं निगडीकर अजून सांगत असतो.

त्याच शर्यतीत वेगवान आणि हळू गाड्यांचा प्रश्नही चव्हाट्यावर आला. जीटी३ गाडी सव्वाआठ मिनिटांच्या आसपास फेरी पुरी करते, लहान गाडीला दहा-अकरा मिनिटं लागतात. म्हणजे लहान गाडीच्या ड्रायव्हरला दर तासाला, सगळ्या गाड्या मिळून, डझनावारी वेळा मागच्याला वाट द्यायची असते. यात अलिखित शिस्त अशी की हळू गाडीने आपली रेष सोडायची नाही. ओलांडायची जबाबदारी मागून येणाऱ्याची. बावचळून आपण बाजूला सरकलो तर नेमके त्याच्याच वाटेत सरकतो. २०२५ मध्ये केव्हिन एस्त्र चालवत असलेल्या मांथाय संघाच्या पोर्शेची धडक खालच्या वर्गातल्या एका ॲस्टन मार्टिनला बसली आणि ती उलटली. शिक्षा : १०० सेकंद. पोर्शे रेषेवर पहिली आली, पण निकालात रोवे संघाची बीएमडब्ल्यू जिंकली. हळू गाडीलाही या रस्त्यावर तेवढाच हक्क आहे, हे इतक्या स्पष्टपणे लिहून दिलेलं मी दुसऱ्या कुठल्या शर्यतीत पाहिलं नाही.

आणि आयफेलचं हवामान. एका वळणावर ऊन, आठ किलोमीटर पुढे धो-धो पाऊस, असं एकाच फेरीत होतं. मग टायर कुठले लावायचे? २०१६ साली शर्यत सुरू होऊन तास व्हायच्या आत गारा पडल्या आणि गाड्या पांढऱ्या रस्त्यावर साबणासारख्या घसरायला लागल्या. २०२४ साली रात्री धुकं उतरलं ते दुसऱ्या दुपारपर्यंत हललंच नाही. चोवीस तासांची म्हणवणारी शर्यत ५० फेऱ्यांतच आटोपली, इतिहासातली सर्वांत छोटी. अशा रात्री संघातल्या हौशींचं मुख्य काम म्हणजे खुर्चीत बसून सूप पिणं, आणि झोपायचं की नाही यावर भांडणं. माझा सल्ला : झोपा.

अमेरिकेत या हौसेचं वात्रट रूप सापडतं. २००६ साली तिथे ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ सुरू झाली. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीची टवाळी नावातच आहे. अट अशी की गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी. नियम मोडला की पंच शिक्षा म्हणून वेडाचार करायला लावतात. सर्वांत प्रतिष्ठेचं बक्षीस पहिल्या गाडीला मिळत नाही. जी गाडी धावूच नये अशी असूनही धावली, तिला मिळतं. जर्मन माणसाला हे पटणं कठीण. पण तत्त्व दोन्हीकडे एकच : भंगाराच्या लायकीची गाडीही चार शहाण्या माणसांनी सांभाळली तर पोचते.

न्यूरबुर्गरिंगने तर हे तत्त्व गुणपत्रिकेतच घातलं. एनएलएसमध्ये गुण मिळतात ते आपापल्या वर्गात, आणि वर्गात गाड्या जितक्या जास्त तितके गुण जास्त. त्यामुळे सर्वांत वेगवान गाडीवाला विजेता होईलच असं नाही. २०१८ चं विजेतेपद डॅनी ब्रिंक, फिलिप लाइझन आणि ख्रिस्तोफर रिंक या तिघांनी मिळवलं ते बीएमडब्ल्यू ३२५आय गाडीत. तसलीच गाडी आमच्या चौकडीच्या तळघरात उभी आहे, फक्त वीसेक वर्षं जुनी आणि मागचा दरवाजा दुसऱ्या रंगाचा.

ज्यांनी ही परंपरा वाढवली त्यांत एक नाव टाळता येणार नाही. झाबिने श्मिट्स. न्यूरबुर्गमध्येच वाढलेली, हॉटेलवाल्यांची मुलगी. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षं तिने योहानेस शाइड यांच्या छोट्या स्थानिक संघाच्या बीएमडब्ल्यू एम३ मधून चोवीस तासांची शर्यत जिंकली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. दोन्ही वेळा विजय संघाचाच, गाडी वाटून घेऊन मिळवलेला. २०२१ च्या मार्चमध्ये ती गेली. नॉर्डश्लाइफच्या पहिल्या वळणाला आता तिचं नाव आहे.

तळघरात त्या रविवारी आम्ही विसाव्या प्रयत्नाला अठ्ठावन्न सेकंदांवर आलो. त्यानंतर एकविसाव्यात निगडीकर फोम सीटमध्येच विसरला आणि सव्वासहा फुटीने जर्मनमधून जे म्हटलं ते छापण्याजोगं नाही. बावीस, तेवीस, चोवीस, सगळे एका मिनिटाच्या आत. मग आजींनी खाली कॉफी पाठवली.

श्टुटगार्टच्या बाजूला कधी आलात तर हौशी शर्यतीचा एक शनिवार नक्की काढा. चोवीस तासांच्या गर्दीपेक्षा चार तासांची एनएलएस बघा, गाड्यांच्या जवळ जाता येतं. रेनकोट आणा, उन्हाळा असला तरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा बॉबलिंगेन, जुन्या विमानतळावर, जिथे हान्स क्लेमने १९२६ साली हलकी विमानं बांधायला घेतली.