अपघातानंतरचा जमाखर्च
नुकसानभरपाई मागताना व्यापारी कुटुंबांनी काय जपावे

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की कडेगाव परिसरातील रस्त्यांचे रूप पालटते. वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडे आणि आसपासच्या इतर कारखान्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. गुहागर-विजापूर महामार्गावर मालमोटारींची वर्दळ तर बारमाही असते. याच रस्त्यांवरून किराणा दुकानदार पहाटे कराडच्या पेठेत माल आणण्यास निघतो, कापडव्यापारी विट्याकडे वसुलीस जातो आणि सराफ दुकान वाढवून रात्री घरी परततो. सुर्ली घाटातले एक वळण किंवा अंधारात दिव्याविना उभी असलेली एक ट्रॉली एवढ्यानेच होत्याचे नव्हते होते.

जीव वाचला, देवाची कृपा झाली, असे म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिन्यांची विश्रांती, बंद पडलेली उधारीची वसुली, तुटलेली गिऱ्हाइके आणि कायमचा अधू झालेला हात किंवा पाय यांचा भार सारे घर वाहते. दुकानाचा पैन्‌पैचा हिशेब ठेवणारी कुटुंबे या हिशेबात मात्र कमी पडतात, आणि कायद्याने मिळू शकणारी भरपाई एखाद्या साध्या चुकीपायी हातची जाते.

क्षमा आणि हक्क

‘झाले ते कर्माने झाले, आता कोर्टकचेरी कशाला?’ हा विचार आपल्या समाजात पुष्कळ घरी ऐकू येतो. त्यामागे क्षमेची भावना असते आणि ती आदरणीयच आहे. परंतु येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनास त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आहे. वाहनाचा असा विमा असेल तर भरपाईची रक्कम बहुधा विमा कंपनी देते. चालकाच्या घरातील भांडीकुंडी विकून ती वसूल होत नाही. भरपाईचा दावा आणि चालकावरील फौजदारी खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालकाविषयी मनात किंचितही वैर न ठेवता दावा करता येतो. ज्या जखमी माणसावर वृद्ध आईवडील, पत्नी आणि शिकणारी मुले अवलंबून आहेत, त्याने हक्क सोडला तर त्या त्यागाची किंमत तेच मोजतात.

पहिल्या दिवसाच्या दोन चुका

पहिली चूक रुग्णालयाच्या दारातच होते. ‘पोलिसांची कटकट नको’ म्हणून नातेवाईक सांगतात, ‘गाडीवरून घसरून पडले.’ डॉक्टर तेच लिहितात. पुढे दाव्यात ‘मागून ट्रकने धडक दिली’ असे म्हटले की विमा कंपनीचे वकील रुग्णालयाची तीच नोंद पुढे करतात आणि खऱ्या माणसाला खोटे ठरवतात. म्हणून अपघात कसा झाला, कोणत्या वाहनाने झाला, कोठे झाला हे पहिल्याच नोंदीत जसेच्या तसे सांगावे. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा असे दोन्ही क्रमांक टिपावेत. वाहनांची आणि जागेची छायाचित्रे घ्यावीत. धावपळीत फिर्याद देण्यास उशीर झाला तरी हातपाय गाळू नयेत. फिर्यादीस विलंब झाला एवढ्याच कारणाने खरा दावा फेटाळता येत नाही, कारण जखमीचे प्राण वाचवणे हे घरच्यांचे पहिले कर्तव्य असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात स्पष्ट केले आहे.

दुसरी चूक म्हणजे आपसातील तडजोड. गावातील चार माणसे मध्ये पडतात, दहा-वीस हजार रुपये हाती ठेवले जातात आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही घेतली जाते. त्या दिवशी साधे वाटणारे हाड सहा महिन्यांनी वाकडे जुळल्याचे कळते, तेव्हा तो कागद आडवा येतो. इजा किती आणि ती किती काळ टिकणार हे कळल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये.

उपचारांच्या खर्चापायी रुग्णाला हलवण्यास विलंब होऊ नये म्हणून केंद्र सरकारने मे 2025 मध्ये रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तिच्यानुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या परोपकारी व्यक्तीस कायद्याने संरक्षण दिले आहे. तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर भीतीपोटी पुढे निघून जाण्याचे कारण उरलेले नाही.

दावा कोठे आणि केव्हा

भरपाईचा अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. अपघात जेथे झाला तेथील, किंवा अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरण निवडण्याची मुभा आहे. कडेगावच्या व्यापाऱ्यास पुण्याजवळ अपघात झाला तरी त्याला आपल्याच जिल्ह्यात दावा चालवता येतो.

मुदतीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मर्यादा घातली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्या भरवशावर स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. सहा महिने हीच शेवटची तारीख समजून चालावे.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम 166 चा दावा संपुष्टात येतो. म्हणून पाय कायमचा अधू झालेल्या माणसाने घाईने अडीच लाखांवर समाधान मानण्यापूर्वी पूर्ण दाव्याचा अंदाज घ्यावा. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीस 50 हजार आणि मृताच्या वारसांस 2 लाख रुपयांची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे होतो.

एका विक्रेत्याचा खटला

जखमींच्या भरपाईचे गणित आज देशभर ज्या निकालाच्या आधारे मांडले जाते, तो एका छोट्या विक्रेत्याचा आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा तो खटला. चीज विकून पोट भरणाऱ्या या तरुणाच्या पायाचे व हाताचे हाड 1991 मधील अपघातात मोडले. डॉक्टरांनी डाव्या पायाचे अपंगत्व 45 टक्के ठरवले. ऑक्टोबर 2010 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एका अवयवाचे अपंगत्व म्हणजे संपूर्ण शरीराचे अपंगत्व नव्हे, आणि शरीराचे अपंगत्व म्हणजे कमाईची हानी नव्हे. त्या अपंगत्वामुळे त्या माणसाचा तो व्यवसाय किती अडला हे पाहायचे. डावा हात गेलेल्या सुताराची वा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल. कार्यालयातील लिपिकाची नोकरी कदाचित टिकेल. या विक्रेत्याच्या कमाईची हानी न्यायालयाने 20 टक्के धरली.

व्यापाऱ्याने यातून घ्यायचा बोध असा, की केवळ अपंगत्वाचा दाखला जोडून भागत नाही. पोती उचलणे, शिडीवर चढून माल काढणे, बाजारात फिरून खरेदी करणे, तासन्‌तास गादीवर बसणे यांपैकी आता काय जमत नाही, हे साक्षीतून पुढे यावे लागते. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्षही बहुधा आवश्यक ठरते.

याच निकालाने भरपाईचे भाग नीट सांगितले आहेत: औषधोपचार, प्रवास आणि पौष्टिक आहार यांचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, पुढील उपचारांचा खर्च, आणि वेदना व जगण्यातील आनंदाची हानी. पैसे रोख दिले तरी प्रत्येक पावती मागून घ्यावी. कडेगावहून कराड, सांगली वा मिरजेस तपासणीसाठी केलेल्या प्रत्येक फेरीचे भाडे, मदतनिसाचे वेतन, औषधांची बिले तारखेनुसार वहीत लिहावीत. जी शिस्त रोजकीर्दीला, तीच येथे हवी.

विवरणपत्राचा आरसा

व्यापारी कुटुंबांसाठी सर्वांत नाजूक प्रश्न उत्पन्नाचा आहे. नोकरदाराकडे पगाराची चिठ्ठी असते. व्यापाऱ्याकडे प्राप्तिकराचे विवरणपत्र. न्यायालये त्यालाच विश्वासार्ह पुरावा मानतात. एक उदाहरण घेऊ.

समजा, 42 वर्षांच्या दुकानदाराचे वार्षिक उत्पन्न 3 लाख 60 हजार आहे आणि त्याची कमाईची हानी 30 टक्के ठरली. स्वयंरोजगार करणाऱ्या 40 ते 50 वयोगटातील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीसाठी 25 टक्के मिळवावेत, असे घटनापीठाने 2017 च्या प्रणय सेठी निकालात ठरवले. पुढील निकालांनी हे तत्त्व जखमींनाही लागू केले. म्हणजे उत्पन्न झाले साडेचार लाख. त्याचे 30 टक्के 1 लाख 35 हजार. 2009 च्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार 41 ते 45 वयासाठी गुणक 14 आहे. गुणाकार होतो 18 लाख 90 हजार. आता याच दुकानदाराने विवरणपत्रात 2 लाख 40 हजारच दाखवले असतील, तर रक्कम येते 12 लाख 60 हजार. कर वाचवण्याच्या मोहाने झाकलेले उत्पन्न 6 लाख 30 हजारांची भरपाई गिळून बसते. अपघातानंतर घाईने भरलेल्या वाढीव विवरणपत्राकडे न्यायालय संशयाने पाहते. जो सत्याचा हिशेब व्रत म्हणून सांगितला आहे, तो संकटात असा उपयोगी पडतो.

‘दुकान तर भाऊ चालवतोच, मग नुकसान कसले?’ असा युक्तिवाद विमा कंपनी हमखास करते. त्यासाठी जखमीचे दुकानातील काम नेमके कोणते होते, त्याच्या जागी किती पगाराचा माणूस ठेवावा लागला, उलाढाल किती घसरली, हे वहीखात्यांतून आणि जीएसटीच्या नोंदींतून दाखवावे. भागीदारी असेल तर करारपत्र जोडावे. घरातील गृहिणी जखमी झाली तर ‘कमाई नाही’ म्हणून दावा सोडू नये; तिच्या घरकामाचे मोल धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कीर्ती निकालात ठामपणे सांगितले आहे.

मालासोबतचा प्रवास आणि स्वतःचा विमा

टेम्पोत माल भरून त्याच टेम्पोतून परतणे ही व्यापाऱ्यांची नित्याची बाब. मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशाला सक्तीच्या विम्याचे संरक्षण नाही; मात्र मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी असेल तर ते आहे. म्हणून मालाचे बिल व्यापाऱ्याच्या नावाचे आणि खिशात असावे, आणि बसावे ते केबिनमध्ये. मागे मालावर नव्हे. स्वतःच्याच चुकीने स्वतःचे वाहन आदळले तर कलम 166 चा दावा टिकत नाही. तेथे उपयोगी पडतो तो मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. चार पैसे वाचवण्यासाठी तो गाळू नये.

आयुर्विम्याची रक्कम मिळाली म्हणून भरपाईतून ती वजा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो खटल्यात ठरवले. मेडिक्लेमची रक्कमही वजा होणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला. विमा ही माणसाने स्वतःच्या हप्त्यांतून केलेली तरतूद आहे. तिचा लाभ धडक देणाऱ्यास का मिळावा, हा त्यामागील विचार.

विहारातील साधू-साध्वी

चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने चालणारे पाय वाहनांच्या तावडीत सापडतात. ज्यांनी संसार सोडला, त्यांच्यासाठी दावा कोण करणार? कायद्यानुसार जखमी व्यक्तीने अधिकार दिलेला प्रतिनिधीही अर्ज करू शकतो. मृत्यूच्या प्रसंगी, संन्यस्त जीवन जगणाऱ्या ख्रिस्ती ब्रदरच्या संस्थेला कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरपाई मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये माँटफोर्ट ब्रदर्स खटल्यात दिला आहे. संघांनी तो ध्यानात ठेवावा. त्याहून मोठे काम म्हणजे सोबतच्या श्रावकांनी चमकणारी जाकिटे घालून पुढे-मागे दिवे धरणे.

शेवटचे दोन शब्द

रुग्णालयाच्या आवारात ‘टक्केवारीवर केस चालवतो’ म्हणणारे मध्यस्थ भेटतात. निकालाच्या रकमेवर हिस्सा ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नये आणि बिले फुगवू नयेत. एक खोटे बिल शंभर खऱ्या बिलांवर संशय आणते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सेवा मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते, पण तेथील निवाड्यावर अपील नसते. आकडा समाधानकारक असेल तरच मान्य करावा.

भरपाईने मोडलेले हाड पूर्ववत होत नाही. पण मुलीचे शिक्षण थांबत नाही, दुकानाची फळी पुन्हा उघडते आणि घरातील कर्त्या माणसाला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. त्यासाठी आजच एक साधे काम करता येईल: घरातील प्रत्येक वाहनाच्या विम्याची तारीख पाहावी, आणि गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रे एका फाइलमध्ये लावून ती कोठे ठेवली आहे हे घरातील स्त्रियांनाही सांगून ठेवावे.