परमुलखातली मुले, डोंगग्वानचा संघ

चीनच्या दक्षिणेस पर्ल नदी समुद्राला मिळते, त्या मुखाच्या पूर्वेकडील काठावर डोंगग्वान हे शहर वसलेले आहे. हा मुलूख आपल्याला अगदीच परका मानण्याचे कारण नाही; कारण याच शहराच्या हद्दीतील हुमेन येथे १८३९ च्या जून महिन्यात चिनी बादशहाचा खास अधिकारी लिन झेशू याने इंग्रज व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या मिठाच्या आणि चुन्याच्या पाण्यात कालवून नष्ट केल्या, आणि त्या पेट्यांतील मालाचा मोठा हिस्सा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून रवाना झालेला होता. त्यानंतर सुमारे एकशेचाळीस वर्षांनी, १९७८ साली, चीनने परकीय भांडवलाला आपले दरवाजे किलकिले केले तेव्हा त्याच हुमेनमध्ये हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्याच्या पैशावर हातपिशव्या शिवण्याचा एक लहानसा कारखाना निघाला. त्यामागोमाग कपड्यांचे, बुटांचे, खेळण्यांचे आणि विजेच्या उपकरणांचे इतके कारखाने उभे राहिले की, भातखाचरांचा आणि लीचीच्या बागांचा हा जिल्हा एका पिढीच्या आत जगाची कर्मशाळा होऊन बसला.

कारखान्यांना हात लागतात आणि ते हात दूरदूरच्या प्रांतांतून आले. २०२० च्या जनगणनेत डोंगग्वानची लोकसंख्या एक कोटीच्या वर गेली. परंतु त्यांतील बहुसंख्य माणसे अशी की, ज्यांची निवासनोंद आजही हजार-दोन हजार मैलांवरच्या एखाद्या खेड्याच्या दप्तरात आहे, जी वसंतोत्सवाला गावी जातात, आणि सुट्टी सरली की पुन्हा यंत्रासमोर येऊन उभी राहतात. ज्या नगरात कोणीच मूळचा नसतो, त्या नगराचा अभिमान कोणत्या खुंटीला टांगावा, असा प्रश्न पडला तर त्याचे डोंगग्वानने दिलेले उत्तर बास्केटबॉल हे आहे. ‘दक्षिण चीनचे वाघ’ हे बिरूद मिरवणारा ग्वांगडोंग प्रांताचा संघ या शहरात जन्मला, आणि गेल्या तीस वर्षांत चीनमधील इतर कोणत्याही संघाला जे साधले नाही ते त्याने साधले. त्या संघाच्या वाटचालीचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

तो घेण्यापूर्वी ज्या व्यवस्थेच्या कुशीत आणि काही अंशी ज्या व्यवस्थेच्या विरोधात हा संघ वाढला, तिची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. बास्केटबॉल चीनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती युवक संघाच्या द्वारे टिएनजिन शहरी आला. परंतु तो लोकांच्या अंगवळणी पाडला तो लाल सैन्याने. एक चेंडू, दोन खांब आणि मोकळे मैदान एवढ्याच सामग्रीवर पलटणीच्या पलटणी खेळू शकत असल्यामुळे हा खेळ छावण्यांतून गावोगाव गेला. राज्यक्रांतीनंतर क्रीडा हे सरकारी खाते झाले. प्रत्येक प्रांताच्या क्रीडाशाळा, प्रत्येक प्रांताचा संघ आणि त्या संघातील खेळाडू म्हणजे वेतन घेणारा सरकारी नोकर, असा बंदोबस्त लागला. या साऱ्या संघांच्या शिरोभागी सैन्याचा संघ होता. १९५१ साली स्थापन झालेल्या त्या संघाचे नाव ‘बायी’, म्हणजे ‘आठ-एक’. आठव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, १९२७ साली, नानचांग येथे जो उठाव झाला तो सैन्याचा जन्मदिन, म्हणून हे नाव. देशातला जो उंच आणि चपळ मुलगा सैन्याच्या नजरेस पडेल तो बायीचा, हा अलिखित कायदा होता.

अशा काळात, १९९३ साली, डोंगग्वानचे उद्योजक चेन लिन यांनी आपल्या होंगयुआन समूहाच्या पदराखाली एक खाजगी बास्केटबॉल संघ काढला; तोच हा ग्वांगडोंगचा संघ. खाजगी मालकीचा व्यावसायिक संघ ही कल्पनाच त्या वेळी त्या देशात नवी होती. असा हा पहिलाच संघ मानला जातो. १९९५ साली बारा संघांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तीत हा नवखा संघ दाखल झाला आणि पहिल्याच मोसमात त्याने उपविजेतेपदापर्यंत मजल मारली. विजेता अर्थातच बायी होता. त्या मोसमापासून सलग सहा वर्षे अजिंक्यपदावर फौजेचाच अंमल राहिला. २००२ साली याओ मिंग या उत्तुंग तरुणाने शांघायला ते पद मिळवून दिले आणि तो अमेरिकेस निघून गेला. परंतु पुढच्याच वर्षी बायीने ते परत खेचून आणले, आणि या खेपेस अंतिम फेरीत पराभूत झालेला संघ ग्वांगडोंगचा होता.

पराभूत झालेल्या त्या संघाकडे निरखून पाहिले तर पुढच्या दशकाचे बीज तेथेच रुजलेले दिसते. पैसेवाल्याच्या संघाने नामांकित खेळाडू विकत घ्यावेत हा जगाचा रिवाज आहे. होंगयुआनने मात्र, आपल्या कारखान्यांना जसे दूरच्या प्रांतांतून कामकरी मिळत होते, तशी दूरच्या प्रांतांतील मुले कोवळ्या वयात डोंगग्वानला आणली, त्यांना तेथेच ठेवले, जेवू घातले आणि तालमीत घडविले. डू फेंग हा शिनज्यांगचा. पश्चिमेच्या वाळवंटी सीमाप्रांतातून तो किशोरवयातच या दमट, समुद्रकाठच्या मुलखात आला. झू फांगयू शेजारच्या ग्वांगशीतील ल्यूझोउ गावचा. वांग शिपेंग कोरियाच्या सरहद्दीवरील डानडोंगचा, म्हणजे देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. या तिघांना ग्वांगडोंग प्रांताचाच म्हणावा असा एक पुढे येऊन मिळाला तो यी ज्यानल्यान. आईबाप दोघेही हँडबॉलचे खेळाडू, मुलाची उंची सात फुटांच्या घरात, आणि पाऊल मात्र एखाद्या बुटक्या खेळाडूसारखे हलके. २००२ साली तो वरिष्ठ संघात खेळू लागला. या मुलांवर ली चुनज्यांग या प्रशिक्षकाची सक्त नजर होती. अखंड धावणे, प्रतिपक्षाला श्वास घेऊ न देणे आणि चेंडू हाती येताच दूरवरून तीन गुणांची फेक करणे ही त्यांची रीत. उत्तरेच्या उंचापुऱ्या संघांशी दक्षिणेच्या संघाने भिडावयाचे तर ते पायांच्या बळावरच, हे त्यांनी ओळखले होते.

२००४ साली अंतिम फेरीत बायीचा पराभव झाला आणि अजिंक्यपद प्रथमच डोंगग्वानला आले. २००५ साली ज्यांगसूच्या संघाने त्यांना पाचव्या, निर्णायक सामन्यापर्यंत झुंजविले. २००६ साली पुन्हा बायीवर चार विरुद्ध एक असा निर्विवाद विजय मिळाला. त्याच २००६ च्या ऑगस्टमध्ये जपानमधील सप्पोरो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध अखेरचा क्षण सरत असताना वांग शिपेंगने लांबून जो चेंडू फेकला तो जाळ्यात उतरला, आणि चीन ७८ विरुद्ध ७७ असा एका गुणाने जिंकून पुढच्या फेरीत गेला. चीनच्या बास्केटबॉलच्या इतिहासात यापेक्षा मोठे विजय झाले आहेत. परंतु त्या एका फेकीइतकी लोकांच्या डोळ्यांपुढे राहिलेली दुसरी फेक नसावी.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बायी हा सैन्याचा संघ असल्यामुळे त्यात परदेशी खेळाडूला मज्जाव होता. इतर संघांना मात्र ती मुभा होती, आणि ग्वांगडोंगकडे जेसन डिक्सन हा अमेरिकन खेळाडू सुमारे दशकभर जाळ्याखाली भिंतीसारखा उभा होता. तेव्हा फौजेवरील ग्वांगडोंगच्या विजयांचे माप घेताना हे अंतर ध्यानात ठेवावे लागते. म्हणूनच २००७ साली बायीने केवळ आपल्या माणसांच्या बळावर, अमेरिकेहून परतलेल्या वांग झिझीला घेऊन, ग्वांगडोंगला अंतिम फेरीत हरविले तो विजय मला त्या संघाच्या आठही अजिंक्यपदांत सर्वांत उजळ वाटतो. ते त्यांचे आठवे आणि शेवटचे अजिंक्यपद ठरले.

त्या उन्हाळ्यात डोंगग्वानच्या संघापुढे निराळाच प्रसंग उभा राहिला. अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेच्या निवडीत मिलवॉकीच्या संघाने यी ज्यानल्यानला सहाव्या क्रमांकावर निवडले. ज्या शहरात चिनी वस्ती फारशी नाही आणि जेथे आपल्या मुलाला खेळावयास पुरेसा वेळ मिळेल याची हमी नाही, तेथे त्याला कशाला धाडावे, असा संघाचा आक्षेप होता. बोलणी आठवडेच्या आठवडे लांबली, आणि अखेर मिलवॉकी संघाचे मालक सेनेटर हर्ब कोल यांना स्वतः हाँगकाँगला येऊन मनधरणी करावी लागली. पुष्कळांनी त्या वेळी संघाला हटवादी म्हटले. वाढविलेल्या मुलाला परमुलखी पाठविताना घरच्या वडिलांनी चार प्रश्न विचारावेत यात मला काही वावगे दिसत नाही. ऑगस्टच्या अखेरीस करार झाला, आणि नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टन येथे याओ मिंग आणि यी ज्यानल्यान समोरासमोर उभे राहिले तेव्हा तो सामना चीनमध्ये कोट्यवधी लोकांनी पाहिला.

यी गेला तरी घडण मोडली नाही. २००८ पासून २०११ पर्यंत चार वर्षे अजिंक्यपद डोंगग्वानबाहेर गेले नाही. त्यांतील शेवटच्या तीन वर्षी अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी शिनज्यांगचा संघ होता, म्हणजे डू फेंगने तीन वेळा आपल्या जन्मभूमीचे स्वप्न भंग केले. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिक स्पर्धेत चीनच्या बारा जणांच्या संघात यी, झू, वांग, डू आणि चेन ज्यांगहुआ असे पाच जण या एकाच संघाच्या तालमीतले होते, आणि तो चिनी संघ उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. अजिंक्यपदांपेक्षाही हा आकडा मला अधिक बोलका वाटतो.

२०१२ साली बीजिंगच्या संघाने, स्टीफन मारबरीच्या नेतृत्वाखाली, ही मालिका तोडली. सात अजिंक्यपदे मिळवून ली चुनज्यांग संघातून बाहेर पडले. त्यांच्या जागी लिथुआनियाचे योनास काझलाउस्कास आले, यी अमेरिकेहून परतला, आणि २०१३ साली शानडोंगला चारही सामन्यांत हरवून ग्वांगडोंगने बायीच्या आठ अजिंक्यपदांशी बरोबरी केली. त्यानंतर पाच वर्षे रिती गेली. एक पिढी थकली होती, दुसरी अजून कच्ची होती. २०१७ साली ते अंतिम फेरीत पोहोचले खरे, पण ज्या शिनज्यांगला त्यांनी तीनदा नमविले होते त्यानेच त्यांना एकही सामना जिंकू दिला नाही.

या पडत्या काळात संघाने जे केले त्याला मी त्याच्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचे कृत्य समजतो. त्याने कारभार आपल्याच मुलांच्या हाती सोपविला. डू फेंग मुख्य प्रशिक्षक झाला. झू फांगयू खेळातून निवृत्त होऊन महाव्यवस्थापक झाला. आणि झाओ रुई, हू मिंगशुआन, शू जिए ही नवी मुले पुन्हा त्याच तालमीतून वर आली. २०१९ साली शिनज्यांगची परतफेड चार विरुद्ध शून्य अशी झाली आणि नववे अजिंक्यपद मिळून बायीचा विक्रम मागे पडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे काही सामने डोंगग्वानच्या बास्केटबॉल केंद्रात झाले, आणि फ्रान्सने अमेरिकेला ८९ विरुद्ध ७९ असे स्पर्धेबाहेर काढले ते याच मैदानावर. हातपिशव्यांच्या कारखान्यापासून सुरुवात केलेल्या गावाने त्या रात्री साऱ्या जगाचे डोळे आपल्याकडे वळविलेले होते.

पुढचा मोसम महामारीने मध्येच थांबविला. २०२० च्या जानेवारीत बंद पडलेली स्पर्धा जून महिन्यात चिंगदाओ आणि डोंगग्वान या दोनच शहरांत, प्रेक्षकांवाचून आणि खेळाडूंना बाहेरच्या जगापासून तोडून, पुन्हा सुरू झाली. ग्वांगडोंगने साखळीतील ४६ सामन्यांपैकी ४४ जिंकले. ऑगस्टमध्ये ल्याओनिंगविरुद्धच्या अंतिम फेरीत यी ज्यानल्यानच्या टाचेची शीर तुटली. त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले, आणि जे दशकभर त्याच्या खांद्यावर होते ते ओझे उरलेल्यांनी उचलले. १५ ऑगस्टला तिसरा, निर्णायक सामना १२३ विरुद्ध ११५ असा जिंकून त्यांनी दहावे अजिंक्यपद घेतले. रिकाम्या आसनांपुढे मिळालेला तो विजय मला त्यांच्या सर्व विजयांत श्रेष्ठ वाटतो.

दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, नव्या मोसमाच्या तोंडावर, बायीचा संघ सैन्याच्या हुकुमाने विसर्जित झाला. एकोणसत्तर वर्षांची ती परंपरा एका निवेदनासरशी संपली. ज्याला गाठण्यासाठी ग्वांगडोंगने दहा वर्षे धाव घेतली आणि ज्याला ओलांडण्यासाठी आणखी पंधरा, तो प्रतिस्पर्धी आता मैदानावर कधीच दिसणार नाही. बायीची निंदा करणारा ग्वांगडोंगचा चाहताही त्या दिवशी हळहळला असेल. ज्या वाघाचे नाव हा संघ धारण करतो तो दक्षिण चीनच्या रानांत कित्येक दशकांत कोणाच्या खात्रीलायक दृष्टीस पडलेला नाही, ही गोष्टही येथे आठवते.

२०२१ साली ल्याओनिंगलाच हरवून अकरावे अजिंक्यपद आले. तेथून दैव फिरले: २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे ल्याओनिंगने ते पद आपल्याकडे ठेवले, आणि २०२५ साली ते जेज्यांगच्या ग्वांगशा संघाकडे गेले. संघातला झोउ पेंग शेजारच्या शेंझेनला गेला, झाओ रुई शिनज्यांगला. यी ज्यानल्यानने २०२३ च्या ऑगस्टमध्ये खेळाचा निरोप घेतला. अकरा अजिंक्यपदांची बरोबरी करणारा दुसरा संघ मात्र अद्याप चीनमध्ये नाही. आणि शिनज्यांगहून किशोरवयात आलेला डू फेंग २०२५ च्या मोसमातही त्याच संघाच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक म्हणून बसलेला होता.