जांभळ्या पेनाचे मतदार

हुबळी-धारवाडच्या हायस्कूल मास्तरांना साधारण सहा वर्षांतून एकदा एक कागदी मतपत्रिका आणि एक जांभळे स्केच पेन मिळते. बटण नाही, पक्षाचे चिन्ह नाही. नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे. बरोबरची खूण केली, सही ठोकली किंवा खिशातले पेन काढले, की मत बाद. शिकलेल्यांच्याच निवडणुकीत बाद मतांचा गठ्ठा निघतो, ही त्यातली गंमत.

हा कर्नाटक पश्चिम शिक्षक मतदारसंघ. धारवाड, हावेरी, गदग आणि उत्तर कन्नड हे चार जिल्हे मिळून विधान परिषदेचा एक आमदार. हुबळीच्या लॅमिंग्टन शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असलेले बसवराज होरट्टी 1980 मध्ये इथून निवडून आले आणि 2022 मध्ये आठव्यांदा. मधल्या काळात पक्ष बदलले, मतदारसंघ तोच.

मतमोजणी पाहण्यासारखी असते. दहा हजार वैध मते असतील, तर जिंकायला 5,001 लागतात. कुणालाच तेवढी मिळाली नाहीत, की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडून दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. मग पुढचा तळाचा. हरलेल्याला दिलेले मतही असे कामाला येते. इतकी चोख मोजणी विधानसभेच्या मतदाराच्या वाट्याला येत नाही.

पण या चोख मोजणीच्या दाराशी पहारा आहे: मत कुणाला, हे आधीच ठरलेले असते.

प्राचीन रोममध्ये हा पहारा संपत्तीचा होता. तिथल्या मोठ्या सभेत 193 गट असत आणि प्रत्येक गटाचे एक मत. घोडेस्वारांचे 18 आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे 80 एकत्र आले, की 98 होऊन बहुमत झाले. मोजणी तिथेच थांबे. मालमत्ता नसलेल्या हजारोंना मिळून एकच गट. तो शेवटी, बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पाळी येतच नसे. इ.स.पू. 139 मध्ये निवडणुकांत मेण लावलेल्या पाट्यांवर गुप्त मतदान सुरू झाले, तरी मत गटानेच मोजले जाई.

धारवाडला हे परके वाटू नये. हा जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडे होता आणि 1919 च्या कायद्याखालच्या मुंबई कौन्सिलसाठी खेडेगावात मत हवे, तर बहुतेक जिल्ह्यांत किमान 32 रुपये शेतसाऱ्याची जमीन लागे. त्याच कौन्सिलमध्ये मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. जुलै 1920 मध्ये शाहू महाराज हुबळीच्या ब्राह्मणेतर परिषदेला आले, ते या वातावरणात. शेतसाऱ्याची अट प्रजासत्ताकाने पुसली. पदवीची आणि मास्तरकीची मात्र वरच्या सभागृहात ठेवली. 1951 मध्ये साक्षरता जेमतेम 18 टक्के होती, तेव्हा त्यामागे काही हिशेब तरी होता.

आज हा हिशेब जुळवणे कठीण. राज्यघटनेनुसार विधान परिषदेचा साधारण एक बारांश पदवीधरांचा, तेवढाच शिक्षकांचा; 75 जणांच्या कर्नाटक परिषदेत प्रत्येकी सात. पदवीधर हायस्कूल शिक्षकाचे नाव दोन्ही याद्यांत असू शकते, म्हणजे विधानसभेचे धरून त्याला तीन मते. शेजारच्या गल्लीत बाराखडी शिकवणाऱ्या प्राथमिक बाईंना शिक्षक म्हणून एकही नाही, कारण अट माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांची आहे, तीही गेल्या सहा वर्षांतली तीन वर्षे शिकवल्याची. कलघटगीच्या शेतकऱ्याला किंवा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या कामगाराला त्याच्या धंद्याचा मतदारसंघ कुणी दिलेला नाही. उमेदवाराला मात्र पदवीसुद्धा लागत नाही. पदवीधरांच्या जागेबाबत सर्वोच्च न्यायालयानेच तसे सांगितले आहे.

मतदार यादीची अडचण आणखी निराळी. ती दर निवडणुकीला कोऱ्या कागदावरून करतात. जुने नाव आपोआप पुढे येत नाही. पक्षांनी गठ्ठ्याने आणलेले अर्ज चालत नाहीत, पण संस्थेचा प्रमुख आपल्या सगळ्या पात्र शिक्षकांचे अर्ज एकत्र पाठवू शकतो. खासगी संस्थांनी भरलेल्या धारवाडात, ज्याच्या हातात नोकरी आहे त्याच्याच हातून मास्तरचा अर्ज जाऊ शकतो. मतदान गुप्त असले, तरी अर्जाचा हा प्रवास उघडा आहे.

2022 ला निवडलेल्या आमदाराची मुदत 2028 पर्यंत आहे. त्याआधी शिक्षकांना यादीत नाव येण्यासाठी नमुना 19 हा अर्ज नव्याने भरावा लागेल.