जनुकीय उपचार आणि शोथनियंत्रण : दमनाकडून पुनर्रचनेकडे

प्रस्तावना

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना ओळखणे, त्यांचा नाश करणे आणि कार्य संपताच पुन्हा शांत होणे ही प्रतिरक्षा संस्थेची तीन प्रमुख कार्ये होत. यांपैकी पहिल्या दोहोंची चर्चा पुष्कळ होते. तिसरे मात्र दुर्लक्षित राहते. जखमेभोवती दिसणारी लाली, सूज, उष्णता आणि वेदना यांना एकत्रितपणे शोथ म्हणतात. शोथ हा मूलतः रोग नसून दुरुस्तीची पहिली पायरी आहे. परंतु तो वेळीच आवरला गेला नाही, अथवा स्वतःच्याच ऊतकांना परके समजून सुरू झाला, तर आमवात, ल्युपस यांसारखे दीर्घकालीन विकार उद्भवतात. अशा विकारांवर जनुकांच्या साहाय्याने उपचार करण्याचे प्रयत्न गेली सुमारे तीन दशके चालू आहेत. या प्रयत्नांची दिशा कशी बदलत गेली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शोथाची रासायनिक भाषा

प्रतिरक्षा संस्थेतील पेशी सायटोकाइन नावाच्या लहान प्रथिनांद्वारे परस्परांना संदेश पाठवितात. इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ ही शोथ वाढविणारी प्रमुख सायटोकाइने होत. त्यांना आवर घालण्याची सोयही निसर्गाने केलेली आहे. इंटरल्यूकिन-१ चा नैसर्गिक विरोधक असलेले एक प्रथिन पेशीवरील त्याच ग्राहीवर जाऊन बसते, पण संदेश आत पोहोचवीत नाही. कुलपात बसणारी परंतु न फिरणारी किल्ली, असे त्याचे वर्णन करता येईल. आमवाताच्या रुग्णांत या विरोधकाचे प्रमाण अपुरे पडते.

हेच प्रथिन औषधरूपाने देणारे ॲनाकिन्रा २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. तथापि त्याचा प्रभाव अल्पकाळ टिकत असल्याने ते रोज टोचून घ्यावे लागते. प्रथिन वारंवार देण्याऐवजी ते तयार करण्याची कृती, म्हणजेच त्याचे जनुक, सांध्यातील पेशींनाच दिले तर औषध हवे तेथे आणि सतत तयार होईल, ही जनुकीय उपचारामागील मूळ कल्पना होय.

सांध्यातील पहिला प्रयोग

ही कल्पना मानवी सांध्यात प्रथम १९९६ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात तपासली गेली. ख्रिस्तोफर इव्हान्स, पॉल रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवात झालेल्या ९ स्त्रियांच्या सांध्यांच्या अस्तरातील पेशी काढून घेतल्या, रेट्रोव्हायरस या विषाणूच्या निरुपद्रवी केलेल्या रूपाच्या मदतीने त्यांत विरोधक प्रथिनाचे जनुक घातले आणि त्या पेशी बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांत सोडल्या. या सर्व स्त्रियांची रजोनिवृत्ती झालेली होती. त्यामुळे बाहेरून आलेले जनुक पुढील पिढीत जाण्याची शक्यता उरत नव्हती. शिवाय हे सांधे आठवडाभराने शस्त्रक्रियेने बदलावयाचेच होते. काढलेल्या ऊतकांच्या तपासणीत जनुक कार्यरत असल्याचे आढळले. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जनुक सांध्यात नेता येते आणि ते तेथे काम करते, एवढे यातून सिद्ध झाले. रोग बरा होतो काय, हा प्रश्न या प्रयोगाच्या कक्षेबाहेर होता.

थांबविता न येणारे औषध

दरम्यान १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका चाचणीत जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्याचा विकार यकृतातील एका विकराच्या उणिवेचा होता. शोथाशी त्याचा संबंध नव्हता. मात्र जनुक वाहून नेणाऱ्या ॲडिनोव्हायरसविरुद्ध त्याच्या शरीरात प्रचंड शोथ उसळला आणि मात्रा दिल्यापासून चार दिवसांत, १७ सप्टेंबर रोजी, त्याचे निधन झाले. जनुकीय उपचारात प्रतिरक्षा संस्था ही स्वतःच एक पक्षकार असते, याचे भान या घटनेने दिले.

दुसरी घटना थेट आमवाताशी संबंधित आहे. टीएनएफला रोखणाऱ्या प्रथिनाचे जनुक सांध्यात सोडण्याच्या अमेरिकेतील एका चाचणीत २००७ मध्ये एका रुग्ण स्त्रीचा मृत्यू झाला. तिच्या शरीरात हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचा संसर्ग सर्वत्र पसरला होता. ती टीएनएफरोधक औषधही नेहमीप्रमाणे घेत होती. चौकशीत जनुकीय उपचार हे मृत्यूचे थेट कारण असल्याचा पुरावा मिळाला नाही व चाचणीवरील स्थगिती उठविण्यात आली. तरीही एक मूलभूत भेद त्यातून स्पष्ट झाला. प्रतिरक्षा दडपणारे औषध घेत असताना संसर्ग झाल्यास ते थांबविता येते. पेशीत शिरून कार्यरत झालेले जनुक मात्र तसे परत घेता येत नाही.

पुनर्रचनेचा मार्ग

या अडचणीवरील एक वेगळा मार्ग कर्करोगाच्या उपचारातून पुढे आला. कार-टी पद्धतीत रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी वेगळ्या करून त्यांत एका कृत्रिम ग्राहीचे जनुक घालतात. हा ग्राही बी पेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखतो. परत शरीरात सोडलेल्या टी पेशी मग बी पेशींचा नाश करतात. ल्युपसमध्ये बी पेशींपासून निर्माण होणारी प्रतिपिंडे स्वतःच्याच डीएनएसारख्या घटकांवर रोखलेली असतात. साहजिकच हा उपचार तेथेही लागू पडेल, अशी अपेक्षा होती.

जर्मनीतील एर्लांगेन येथील गेओर्ग शेट, आंद्रेआस मॅकेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ल्युपसच्या एका, तर २०२२ मध्ये पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या पाच जणांत बी पेशी सरासरी सुमारे ११० दिवसांनी पुन्हा दिसू लागल्या. परंतु रोग परतला नाही. नव्याने आलेल्या पेशींत पूर्वीची चुकीची ओळख उरली नव्हती. २०२४ मधील अहवालात ८ ल्युपसग्रस्तांसह एकूण १५ रुग्णांची प्रतिरक्षा दडपणारी औषधे थांबविता आल्याचे नमूद आहे. येथे शोथ कायमचा दडपून ठेवलेला नाही. प्रतिरक्षा संस्थेला नव्याने आरंभ करण्याची संधी दिली आहे. अर्थात रुग्णसंख्या अल्प होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात घ्यावयास हवे.

ही पद्धतही निर्धोक नाही. सक्रिय टी पेशींमुळे सायटोकाइनांचा अतिरेक होऊ शकतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फिया येथे अशाच अतिरेकाने अत्यवस्थ झालेल्या एका बालरुग्णाचे प्राण टोसिलिझुमॅब या, मुळात आमवातावरील, औषधाने वाचले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचारानंतर टी पेशींचा कर्करोग उद्भवण्याच्या शक्यतेबाबत इशारा देणे बंधनकारक केले.

भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो बी पेशींच्या कर्करोगासाठी असला, तरी त्याचे लक्ष्य तेच सीडी-१९ प्रथिन आहे. त्यामुळे ल्युपसविषयीच्या संशोधनास लागणारे कौशल्य महाराष्ट्रात उपलब्ध आहे, असे म्हणता येईल.

समारोप

जनुक पेशीत पोहोचविणे हा आरंभीचा प्रश्न आता बऱ्याच अंशी सुटला आहे. ते किती, कोठे आणि किती काळ कार्य करील, हा प्रश्न शिल्लक आहे. त्यास एक नैतिक बाजूही आहे. कोणत्याही वैद्यकीय चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार सहभागी व्यक्तीस असतो. जनुकीय उपचारात ती व्यक्ती चाचणीतून बाहेर पडू शकते. तिच्या पेशींतील जनुक मात्र बाहेर पडत नाही. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी हा भेद रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगणे, ही या विज्ञानाची पहिली जबाबदारी ठरते.